सांडलेला थेंब

निवळेवाडीच्या पिंपळाला आज चार माणसांची कव लागते. तो दोघांच्या कवेत मावायचा, त्या काळातली ही गोष्ट.

तेव्हा गावात म्हातारं कोण, हे वयावर ठरत नसे, कारण वय मोजायचं कुणाला सुचलंच नव्हतं. ते तेलावर ठरे. त्रिपुरी पौर्णिमेच्या संध्याकाळी देवळापुढच्या दीपमाळेसाठी प्रत्येकाने पळीने एक पणती भरायची. थेंब बाहेर सांडला, की ते माणूस म्हातारं. दुसऱ्या दिवसापासून त्याची कामाची वस्तू देवळातल्या खुंटीला आणि ते स्वतः पिंपळाच्या पारावर. जेवण वेळेवर मिळे, मानही मिळे. फक्त कुणी काही विचारत नसे.

येसाई गावची सुईण. गावातलं बहुतेक माणूस पहिल्यांदा रडलं ते तिच्याच हातात. असं म्हणतात, की तिचं पाऊल उंबऱ्यात पडलं की पोटातलं मूल कूस बदलून वाटेला लागायचं.

त्या पौर्णिमेला रांगेत तिच्यामागे गोजरा उभी होती. गोजराला सातवा महिना होता. काळजी करायला मात्र तिला कधीच निमित्त लागलं नव्हतं. दूध उतू जाईल म्हणून ती चुलीपुढून हलत नसे, आणि उतू गेलं नाही तर दुधातच काही खोट असेल म्हणून घाबरे. तिची नजर येसाईच्या हातांवर खिळली होती. हेच हात आपलं बाळ धरणार. पळी थरथरली आणि एक थेंब दगडावर पडला. दुसऱ्या कुणाला दिसलाही नव्हता. गोजराच्या तोंडून निघून गेलं, "आजी, सांडलं."

येसाईने थेंबाकडे पाहिलं, मग गोजराकडे. "सांडलं खरं," ती म्हणाली. औषधांचा बटवा तिने स्वतःच खुंटीला लावला.

गोजराला मुलगी झाली ती पलीकडच्या वाडीतल्या सुइणीच्या हातावर. पोर धडधाकट होती, पण झोपेना. सात दिवस डोळ्याला डोळा नाही, रडून रडून दूधही ओढेना. मीठमिरच्या उतरवल्या, घुटी उगाळली. कुणी म्हणालं, आईचं दूधच भित्रं आहे. गोजराला ते लगेच पटलं.

आठव्या दिवशी भर दुपारी ती रडतं बाळ घेऊन पारापाशी आली.

"आजी, हिला बघा."

"मी म्हातारी आहे गं. तूच तर सांगितलंस गावाला."

गोजराने मान खाली घातली. "सांगितलं. भीती वाटली म्हणून सांगितलं."

"आणि आता नाही वाटत?"

"वाटते. पण ही माझ्या हातून जाईल, त्याची जास्त वाटते."

येसाई हसली. पारावरून उतरून मातीत मांडी घालून बसली. "ठेव इथं. म्हणजे पडायला जागाच नको."

तिने दोन्ही हात बाळाखाली सारले. हात थरथरत होतेच, चाळणीतून पीठ झरावं तसे, ना जोरात ना हळू. बाळाने एक उचकी दिली. मोठी जांभई दिली. आईने जवळ घेतल्यावर पोर पोटभर प्यायली आणि परत येसाईच्या हातांवर झोपून गेली. आठ दिवसांची जागी गोजरा तिथंच येसाईच्या खांद्यावर कलंडली.

मग पारावरचे म्हातारे पेंगले. शेरडं पेंगली. "सुईणपण बंद कर," असं सांगायला आलेला पाटील काठी टेकून उभ्याउभ्याच झोपला. असं म्हणतात, की पिंपळाचं एकेक पान निश्चल झालं. सगळी थरथर त्या दोन हातांत उतरली होती. दीड दिवस निवळेवाडी झोपली. जागी एकटी येसाई, आणि तिचे हात थांबले नाहीत.

पाटील डोळे चोळत म्हणाला, "गावाला झालं काय?"

"काही नाही. झोप राहिली होती सगळ्यांची."

"पण येसाई, नियम..."

"पाटला, जन्मल्यावर तूही असाच बोंबलत होतास. तेव्हा माझे हात स्थिर होते, म्हणून तुला गप करायला तीन दिवस लागले."

गोजरा पुढं झाली. "थेंब मीच दाखवला होता. हात थरथरला एवढंच मला दिसलं. तो कशाच्या कामाचा, ते कुठं ठाऊक होतं?" आणि कुणाला न विचारता तिने खुंटीवरचा बटवा काढून आणला.

त्या दिवशी खुंट्या रिकाम्या झाल्या. बहिऱ्या रावजी लोहाराला तर भांडणं सोडवायला बसवलं. त्याला दोघांचंही ऐकू येत नसे, त्यामुळे तो कुणाची बाजू घेत नसे.

पुढं कितीतरी पौर्णिमा गेल्या. गोजराच्या लेकीला लेकी झाल्या. एका संध्याकाळी गोजराच्या पळीतून थेंब पडला. दुसऱ्या कुणाला दिसला नव्हता. जन्मभर काळजी करणारी ती बाई वळली आणि हसत म्हणाली, "सांडलं."

अजूनही निवळेवाडीत कुणाचा पहिला थेंब सांडला की ढोल वाजतो, गूळ वाटतात आणि त्या वर्षीच्या प्रत्येक बारशाला पाळण्याचा पहिला झोका त्याच हाताने देतात. पन्नाशीतले काही जण मुद्दाम पळी हलवतात. त्यांच्या मांडीवर गावातलं सगळ्यात किरकिरं बाळ देतात. ते झोपलं नाही, तर "अजून लहान आहात," म्हणून पुढच्या वर्षी यायला सांगतात.