तांबट आळीतील पाण्याचे झरोके

देवशेतच्या तांबट आळीत आपण आलात, तर प्रत्येक घराच्या दाराशेजारी भिंतीत वीतभर रुंदीचा एक झरोका दिसेल. त्यात पाण्याने भरलेला तांब्या असतो. वाटसरूने तो उचलावा, पाणी प्यावे आणि तांब्या पालथा घालून पुढे जावे. दार कोणी उघडत नाही. पाहुणे आमच्या दानशीलतेची वाखाणणी करतात. एका गृहस्थांनी तर तसा लेखही छापला. परंतु वस्तुस्थिती निराळी आहे, आणि ती सांगणे आवश्यक आहे.

कंपनी सरकारची अदालत जिल्ह्याच्या गावी नुकतीच बसली होती, त्या काळी या आळीत भिकाशेट नावाचा तांबट राहत असे. त्याच्या धाकट्या भावाने बंदरावरच्या सावकाराकडून तांब्याचे पत्रे उधारीने घेतले आणि गलबतात भरले. ते गलबत परत आले नाही. भाऊ गेला, त्याला जामीन भिकाशेट राहिला होता. सावकाराने अदालतीतून अटकेचा हुकूम मिळवला आणि तो घेऊन दाजीबा नावाचा शिपाई आळीत येऊन बसला.

नव्या कायद्याने एक मर्यादा घातली होती. शिपायाने घराचे बाहेरचे दार फोडू नये आणि सूर्यास्तानंतर घरात शिरू नये. मात्र दिवसा दार आतून उघडले गेले, तर त्याने माणसाला खुशाल धरावे. भिकाशेटला केवळ एकोणीस दिवस हवे होते. देवस्थानच्या चैत्री उत्सवासाठी अकरा मोठी तपेली घडवण्याचे काम त्याने घेतले होते, आणि त्या मोबदल्यात सारे देणे फिटणार होते. म्हणून तो दिवसभर दाराला अडसर घालून आत ठोकत बसे. शिपाई बाहेर ओट्यावर बसे.

“भिकाशेट, घरात आहात का?” दाजीबा रोज सकाळी विचारी.

“नसतो तर ही ठोकाठोक काय तुमचा काका करतोय?”

“मग दार उघडा की!”

“उघडतो ना. चैत्री पुनवेला या, सावकारालाही आणा. तपेलंभर शिरा खाऊ घालतो दोघांना.”

आळी हसत असे. शिपाईही हसे, असे सांगतात.

त्या घराचे एक व्रत होते. भिकाशेटचा पणजोबा घाटात तहानेने मरता मरता एका धनगरणीच्या ओंजळीने वाचला, म्हणे. तेव्हापासून त्या दारी पाणी मागणाऱ्याला घरच्या माणसाने दार उघडून, उंबऱ्यात उभे राहून, स्वतःच्या हाताने पाणी द्यावे, असा नेम होता. ‘कोण?’ असेही विचारायचे नाही. आळीला हे ठाऊक होते. दाजीबा परगावचा, त्याला ठाऊक नव्हते. तो बिऱ्हाडावरून वाळक्या भोपळ्यात पाणी भरून आणत असे.

सतराव्या दिवशी समोरच्या घरातला केशवशेट कोळशाची पाटी घेऊन तेथून जात होता. तोही तांबटच.

“काय दाजीबा,” तो हसत म्हणाला, “सतरा दिवस नुसतं ‘उघडा, उघडा’? घसा बसला की तुमचा. पाणी मागा त्यांच्याकडे!”

ही निव्वळ थट्टा होती, असे काही जण म्हणतात. भिकाशेटचे काम अडले असते, तर देवस्थान केशवशेटकडेच वळणार होते, याची आठवण दुसरे काही जण करून देतात. त्याच्या मनात शिरून कोणी पाहिले नाही. दाजीबालाही बोलण्यातली खोच कळली नसावी. परंतु भोपळा रिकामा झाला होता आणि ऊन चैत्राचे होते.

“घरधनी, घोटभर पाणी मिळेल का?”

आतला हातोडा थांबला.

“ऐकू आलं नाही म्हणा,” भिकाशेटची बायको सुंद्राबाई हलक्या आवाजात म्हणाली. “दोनच दिवस उरलेत हो.”

शिपायाने पुन्हा मागितले.

“आलं ना गं ऐकू,” भिकाशेट म्हणाला. त्याने तांब्या भरला आणि अडसर काढला.

दाजीबा तळापर्यंत पाणी प्यायला. मग त्याने भिकाशेटचे मनगट धरले.

“शेट, माझी भाकरी आहे ही.”

“आणखी हवं का?” भिकाशेटने विचारले.

नऊ तपेली तयार होती, दहावे अर्धे झाले होते. सावकाराने तयार माल जप्त करून तो मोडीच्या भावाने कर्जात धरला आणि देवस्थानला पुऱ्या किमतीत विकला. उरलेले काम केशवशेटला मिळाले. कैद्याच्या जेवणाचा खर्च सावकाराने भरावा, असा कायदा होता. त्याने तो आठ महिने बिनचूक भरला आणि कर्जात मिळवला. नवव्या महिन्यात भिकाशेट तुरुंगातच वारला.

तेरावे उरकल्यावर दुसऱ्या दिवशी सुंद्राबाईने नवऱ्याची छिन्नी घेतली आणि दाराशेजारची भिंत फोडून आरपार भोक पाडले. आळीतल्या बायका जमल्या. “अगं, घराचं व्रत मोडलंस!” त्यांच्यातली वडीलधारी म्हणाली.

“व्रत त्यांनी पाळलं,” सुंद्राबाई म्हणाली. “पाणी मी देईन. दार आता कुणाला उघडणार नाही. आळीतल्या माणसाला तर नाहीच नाही.”

वर्षाच्या आत साऱ्या आळीने भिंती फोडल्या. हा पश्चात्ताप नव्हता. भिकाशेटचे दार कोणत्या शब्दाने उघडते, हे आळीला ठाऊक होते. तसा एखादा शब्द आपल्याही घराला असेल आणि शेजाऱ्याला तो माहीत असेल, या भीतीने प्रत्येकाला ग्रासले. त्या भीतीलाच आज पुण्य म्हणतात.

सुंद्राबाईनंतरचा दुसरा झरोका तिच्या समोरच्याच घराच्या भिंतीत आहे. तो आठ दिवसांच्या आत पाडला गेला. आजही तिथला तांब्या रोज सकाळी मी भरून ठेवतो. केशवशेट हे आमच्या घराण्याचे पूर्वज. ती थट्टाच होती, असे आमच्या घरात सांगतात.