ज्या आवाराला खराटा लागला नाही

एका राज्यात मकरंदसेन नावाचा राजा होता आणि त्याला स्वच्छतेचे वेड होते. वेड म्हणजे किती? झाडावरून पान सुटले, की जमिनीला टेकायच्या आत ते झेलायला बारा सेवक उभे असत. अंगणे अशी चोपलेली, अशी सारवलेली, की पाहुणा प्रसन्न होई आणि मुंगी बिऱ्हाड हलवी.

एका चैत्र पाडव्याला कालजिव्ह नावाचा मांत्रिक पायी चालत राजाच्या दारी आला. गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेला. पाय धुवायला पाणी द्यावे, ही साधी रीत, पण राजा म्हणाला, "आल्या वाटेने परत जा. ही धूळ माझ्या दारात नको."

मांत्रिकाने पायाची चिमूटभर धूळ घेतली आणि फुंकली. सज्ज्यात उभी असलेली राजकन्या हेमकळा तिथल्या तिथे पांढरी कोंबडी झाली.

"राजा," मांत्रिक म्हणाला, "याच वाड्याच्या आवारात, आपल्या मनाने, ती माती उकरील आणि अंगावर घेईल, तेव्हा शाप सुटेल. तोवर महिन्यामागून महिना ती माणसांचे शब्द विसरत जाईल. पुढल्या पाडव्याचा सूर्य मावळेपर्यंत उरलासुरला शब्दही जाईल आणि ती कायमची कोंबडी राहील." एवढे बोलून तो धुळीच्या लोटात नाहीसा झाला.

हेमकळेची आई बाळंतपणातच गेली होती. दाई भिवरा हिच्या दुधावर ती वाढली आणि तिलाच आई म्हणू लागली. आता भिवरा खुराड्याशेजारी राहायला आली. सोबतीला सहा साध्या कोंबड्या ठेवल्या. वैशाखात पांढरी कोंबडी पूर्ण वाक्ये बोले, श्रावणात तुटक बोलू लागली. माघात तिचा 'बाबा' हा शब्द गेला. राजा कुंपणाशी उभा राहून म्हणाला, "बाळ, मी कोण?" कोंबडीने मान वाकडी करून त्याच्या जोड्याकडे पाहिले. राजा मागे फिरला. भिवरेने पदर तोंडात कोंबला आणि ती पोटभर रडली.

दोष तिला दिसत होता. आवाराची जमीन फरशीसारखी टणक; कोंबड्यांची नखे झिजत, पण माती सुटत नसे. जमिनीवर काहीतरी अंथरायला हवे, हे तिने पावसाळ्यातच ताडले होते. पण काय अंथरावे? तिथेच घोडे अडले होते.

आधी ती राक्षसाच्या डोंगरावर गेली होती. तिथली दूर्वा कापल्या जागी पुन्हा उगवे. भिवरेने राक्षसाच्या जटा विंचरल्या, त्याने खूश होऊन दूर्वेचे गालिचे दिले. आवार हिरवेगार झाले. पण सात कोंबड्यांच्या चोचींपुढे राक्षसाच्या जादूचे काय चालणार? आठवड्यात जमीन उघडी पडली.

मग ती नागाच्या नदीवर गेली होती. तिथली वाळू मोत्यासारखी पांढरी. भिवरेने नागाला दूध पाजले, त्याने वाळूचे सात गाडे भरून दिले. पावसात वाळू चांगली निचरली, म्हणून भिवरा हरखली. ऊन पडताच तीच वाळू अशी तापली, की कोंबड्या एका पायावर उभ्या राहून दुसऱ्या पायाची वाट पाहू लागल्या. शिवाय त्या वाळूत ना दाणा, ना किडा. जिथे काही सापडत नाही, तिथे कोण उकरील?

फाल्गुन लागला तेव्हा कोंबडीपाशी एकच शब्द उरला होता, 'आई'. तो ऐकला, की भिवरेचे काळीज हरखे आणि लगेच धास्तावे. अखेर ती रानाच्या वाटेला लागली.

रानात सातभाई पक्षी भेटले. सातही जण पाचोळा उडवत होते आणि एकच वाक्य सातजणांत वाटून बोलत होते.

"बाई," पहिला म्हणाला.

"तुझ्या पायाखाली," दुसरा म्हणाला.

"काय आहे ते बघ," उरलेले पाच एका सुरात म्हणाले.

भिवरेने वाकून पाचोळा बाजूला केला. वरची पाने कोरडी, कुरकुरीत. त्याखालची ओलसर, जाळीदार. त्याखाली पान कुठे संपते आणि माती कुठे सुरू होते, ते कळेना. त्या मातीतून ऊब येत होती. पांढरे धागे एका मुळापासून दुसऱ्या मुळाकडे निघाले होते, मखमली किडे लगबगीने जात होते, आणि कान लावला तर आतून मंद गुणगुण ऐकू येत होती. साऱ्या रानाचे अन्न तिथे शिजत होते. जन्मभर भिवरेने हेच झाडून फेकले होते. तिने नकळत हात जोडले.

"पाला हवा तेवढा ने," सातभाई म्हणाले, "पण तीन वचने दे. त्यावर सडा घालायचा नाही. ओले झाले, तर खालचे काढायचे नाही, वर कोरडे टाकायचे. आणि खराटा लावायचा नाही."

"दिली," भिवरा म्हणाली.

तिने आवारात वीतभर जाड पाला पसरला. पहिली दोन वचने सहज पाळली गेली. तिसरे मात्र हाताने मोडले. चाळीस वर्षांची सवय ती. दुसऱ्या दिवशी उजाडताच भिवरा डोळे चोळत उठली आणि भान येईपर्यंत अर्धे आवार लख्ख झाडून मोकळी झाली! त्या अर्ध्यात कोंबड्या फिरकेनात. भिवरेने कपाळावर हात मारला, खराटा मोडून चुलीत घातला आणि पाला पुन्हा पसरला.

आठ दिवसांनी राजा आला. मागे खराटे घेतलेले बारा सेवक.

"भिवरे, माझ्या वाड्यात हा उकिरडा कोणी केला?"

"मी केला, महाराज."

"पाडवा चार दिवसांवर आला. माझी लेक जायची ती जाईल, पण राणीसारखी जाईल, घाणीत नाही. झाडा रे!"

भिवरा फाटकात आडवी झाली. "झाडा," ती म्हणाली, "पण आधी मला झाडा."

सेवकांचे हात थबकले. राजाने त्यांना हाताने मागे सारले. "पाडव्याच्या सूर्यास्तापर्यंत आवार तुझे," तो म्हणाला. "त्यानंतर तुझे मस्तक माझे."

पाडवा उजाडला. सकाळी कोंबडीने भिवरेच्या पायाशी येऊन चोच उघडली, पण शब्द फुटला नाही. शेवटचा शब्दही गेला होता. दुपार कलली. सावल्या लांबल्या. कुंपणाबाहेर राजा उभा होता. उपरण्याचे टोक चुरगळत होता.

आणि आवाराच्या अगदी मधोमध एक पान हलले.

वाऱ्याने नव्हे, खालून. पांढऱ्या कोंबडीने मान वाकडी केली. एका पायाने पान मागे सारले, मग दुसऱ्या पायाने. उकर, मागे सर, बघ. उकर, मागे सर, बघ. पाचोळा उडू लागला. वर्षानुवर्षांची ती टणक जमीन पाल्याखालच्या ओलाव्याने भुसभुशीत झाली होती. कोंबडी पोटाने तीत बसली, पंख पसरले आणि पाठीवर माती उडवली.

ती माती खाली पडलीच नाही. उतरत्या उन्हात कण न् कण तिच्याभोवती फिरू लागला. साऱ्या राज्यातले कोंबडे अवेळी आरवले. सहाही कोंबड्या माना उंचावून गप्प उभ्या राहिल्या. बारा सेवकांच्या हातून खराटे गळाले. माती बसली तेव्हा खळग्यात हेमकळा होती, केसांत पाने अडकलेली, नाकापासून नखांपर्यंत मळलेली.

ती काही बोलेना. शाप सुटला खरा, पण शब्द? ते कुठे गेले?

राजाने जोडे फेकले, फाटक ढकलले आणि तो अनवाणी लेकीकडे धावला.

"बाबा, थांबा!" हेमकळा ओरडली. "तिथे पाय देऊ नका. खाली मुंगळ्यांचे घर आहे."

आणि राजा मकरंदसेन, ज्याच्या अंगणात कधी मुंगीला थारा नव्हता, एक पाय उचललेला तसाच उभा राहिला आणि घळाघळा रडू लागला.