साठवलेला मायाळू

फार फार पूर्वी, झाडाझुडपांना माणसाचे स्वभाव चांगले ठाऊक होते त्या काळी, एका गावात एक माळी आणि त्याची माळीण राहत होते.

चैत्रात देवीच्या उत्सवाला अख्ख्या गावाला पालकाची भजी खाऊ घालायचा मान या घराकडे होता. भजी कमी पडली तर मान दुसऱ्या घरी जायचा. त्या वर्षी उन्हं लवकर तापली आणि पालक तुऱ्यावर येऊन जून झाला. माळ्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"मायाळूचे वेल आहेत की," माळीण म्हणाली. "त्याची भजी काय वाईट होतात? आणि त्याला ऊन मानवतं."

मळ्यात मायाळूच्या दोन ओळी होत्या. वेल मक्याच्या ताटांवर चढलेले, बुडाशी झेंडू. माळ्याने एक ओळ आपल्याकडे घेतली. पाणी वाया जातं म्हणून त्याने तिथला मका आणि झेंडू उपटले, वेलांना काठ्या दिल्या आणि बजावलं, "उत्सवापर्यंत माझ्या ओळीतलं एक पान तोडायचं नाही."

माळीण मात्र आपल्या ओळीतले शेंडे रोज खुडायची आणि शेजारीपाजारी मूठमूठ वाटायची.

"असंच वाटत राहिलीस तर उत्सवाला काय काठ्या तळणार आहेस?" माळी कुरकुरायचा.

"बघू या की," ती हसायची.

उत्सवाच्या सकाळी माळी ऐटीत परडी घेऊन मळ्यात गेला. त्याचे वेल उंच वाढून फुलले होते, जांभळ्या फळांनी लगडले होते. पानं मात्र बोटभर, आणि तीही किड्यांनी चाळण केलेली. माळी मटकन खाली बसला. "गेला आपला मान," तो म्हणाला. त्याला रडूच फुटलं.

"जातोय कुठे? आधी इकडे बघा तरी," माळीण म्हणाली.

तिच्या ओळीत जिथे एक शेंडा खुडला होता, तिथे दोन-दोन फुटले होते. मका पानांखाली दिसेनासा झाला होता. झेंडूमुळे किडीचा उपद्रवही फारसा नव्हता. तेवढ्यात रोज भाजी नेणारे शेजारी कुणी परडी, कुणी बेसन घेऊन बांधावर आले.

"उठा," माळीण म्हणाली. "एवढं खुडायला माझे दोन हात पुरायचे नाहीत."

त्या दिवशी गावाने पोटभर भजी खाल्ली. पानं खुडून हिरव्या झालेल्या बोटांनी वाढणारा माळी सगळ्यांत जास्त हसत होता. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने झेंडू पुन्हा लावला, आणि शेजारच्या दारात पहिली मूठ त्यानेच नेऊन दिली.

तात्पर्य: जे वाटून खातो ते पुन्हा फुटतं, जे नुसतं राखून ठेवतो ते जून होतं.