तलावात शेण

"बाबाजी, तलावात शेण टाकलंत? तुम्ही?"

शंभुपुरी धापा टाकत घाटाच्या पायऱ्या उतरला. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

निरंजनपुरी बाबा शेवटच्या पायरीवर उभे होते. हात कोपरापर्यंत बरबटलेले, शेजारी रिकामी टोपली. पायरीलगत शेणाचा गढूळ पट्टा पसरत चालला होता आणि काठावर लोक तोंडाला पदर लावून बघत होते.

"टाकलं," बाबा म्हणाले. "आनखी एक टोपली आनतो."

मठाचा हा तलाव म्हणजे पंचक्रोशीचं तीर्थ. उद्या सोमवती अमावस्या. माणसांची रीघ लागणार, बाटल्या भरभरून पाणी घरोघरी जाणार. आणि आज म्हाताऱ्यानं हे करून ठेवलं! म्हातारपणी थोरामोठ्यांचंही डोकं फिरतं, असं शंभुपुरीला वाटलं.

"पाणी किती हिरवं झालं होतं, विसरलात?" त्याचा आवाज चढला. "दुधावर साय धरावी तसा शेवाळाचा थर होता. नाक धरून जावं लागायचं. लोक तीर्थाकडे पाठ करून हापशावर जात होते. मी मोरचूद टाकला. आठवडा नाही झाला तोच तळ दिसायला लागला. परवा लोकांनी माझी मिरवणूक काढली! तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"दवाखान्यात."

"दवाखान्यात? कशाला?"

"पर्बतापाशी."

पर्बताबाई मठाच्या दारात फुलं विकायची. नितळ पाण्याची पहिली ओंजळ शंभुपुरीनं तिच्याच हातावर घातली होती. "पी माय, आता भिऊ नको," म्हणाला होता. तिनं ते डोळे मिटून घेतलं आणि मग हंडाभर घरी नेलं.

"काय झालं तिला?"

"डोये पिवये झाले. पोटात अन्न ठरत नाही. दोन बकऱ्या दावनीलेच मेल्या."

"पण घरी उकळून प्या, असं मी बजावलं होतं."

"उकयलं तिनं. तुयं ऐकलं." बाबा म्हणाले. "त्या शेवायातच ईख होतं, जहर. तू मोरचूद टाकला, शेवाय मेलं आन् पोटातलं ईख पान्यात सोडून गेलं. ते उकयून जात नाही, डॉक्टरीन म्हने. हिरवं होतं तवा पानी बोंबलत होतं रे शंभू. लोक आयकत होते, हापशावर जात होते. तू त्याचं तोंड दाबलं."

शंभुपुरी सहजासहजी नमणारा गडी नव्हता.

"मग लोकांना तसं सांगायचं होतं!"

"सकायपासून सांगून राह्यलो. म्हनते, बाबाजी, पानी तर काचेवानी हाय."

"म्हणून तीर्थात शेण? हे पाप आहे, एवढं तरी..."

"हे शेन कोनाच्या गोठ्यातलं?"

बाबांनी बरबटलेलं बोट वर टेकाडाकडे केलं. तिथं गोशाळा होती, शंभुपुरीनं दारोदार फिरून उभी केलेली, देणगीदारांच्या नावांच्या फरशा लावलेली. रोज सकाळी गोठा धुतला की सगळं पाणी पाईपातून खाली यायचं. पाईपाचं तोंड तलावाच्या कडेला, झुडपांच्या आड होतं. ती जागा शंभुपुरीनंच दाखवली होती, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. त्याच पाण्यावर शेवाळ पोसलं होतं.

"तीन सालापासून तू झुडपाआडून टाकून राह्यला," बाबा म्हणाले. "मी आज लोकायदेखत टाकलं. पाप कोनाचं मोठं?"

काठावर एका बाईनं हातातली रिकामी बाटली मुकाट्यानं पिशवीत घातली.

"पर्बता वाचेल ना?" शंभुपुरीनं विचारलं.

रागानं बाबांचे डोळे भरून आले होते.

शेवटी शंभुपुरीला आपलं चेलेपण आठवलं. खाली मान घालून तो म्हणाला, "हात तरी धुवून घ्या, बाबाजी." पायरीवरचा कमंडलू उचलून तो गढूळ पट्ट्यापासून लांब, पलीकडच्या टोकाला गेला. तिथं पाणी नितळ होतं, तळातले खडेसुद्धा दिसत होते. तो वाकला.

हात पाण्याच्या वर तसाच राहिला...

"भर ना," बाबा म्हणाले. बरबटलेले हात पुढे करून ते उभेच होते.

"भर!" बाबा पुन्हा म्हणाले.

शंभुपुरीचा हात काही खाली जाईना.

"पर्बताले पाजलं, तो हात दुसरा होता का रे?"