दोन गावांचा एक सूर्य

पाऊस जिथे आठवण झाली तरच येतो अशा माळरानावर शिंगणमाळ नावाचं गाव होतं. तिथे सोपान ओतारी राहायचा. त्याचं घराणं पितळ ओतणाऱ्यांचं. समया, घंटा, बैलांच्या गळ्यातले घुंगरू, सगळं त्याच्या भट्टीतून निघायचं. हात पितळेत असले तरी सोपानचं मन मात्र आभाळात असायचं.

तिथून दोन तालुके पलीकडे, नदीकाठच्या संगमपेठेत, गुलाब शिकलगार राहायचा. तो सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचा. एका जत्रेत दोघांची ओळख झाली आणि बोलता बोलता कळलं, की यालाही आभाळाचं वेड आहे. मग काय विचारता! गुलाबने महिनोन्‌महिने काचा घासल्या, सोपानने पितळेच्या नळ्या ओतल्या आणि दोन दुर्बिणी तयार झाल्या. एक शिंगणमाळच्या गच्चीवर गेली, एक संगमपेठेच्या.

दोघे सूर्याचे फोटो काढायचे. दुर्बिणीला डोळा लावून सूर्य बघितला तर डोळा जातो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून ते दुर्बिणीच्या मागे पांढरा पुठ्ठा लावायचे. पुठ्ठ्यावर बशीएवढा सूर्य उतरायचा. त्याच्या तोंडावर बारीक काळे डाग असायचे. त्या पुठ्ठ्याचा फोटो काढायचा आणि घरच्या संगणकात ठेवायचा. हे रोज चालायचं. ढगांनी आभाळ झाकलं, तर त्या दिवशी सुट्टी.

एकदा गुलाब म्हणाला, "सोपान, फोटो संगणकात ठेवला, वर एका डिस्कमध्ये नक्कल करून ठेवली, तरी घर एकच की. घरालाच काही झालं म्हणजे?"

"मग काय करायचं म्हणतोस, गुलाबभाई?"

"माझे फोटो तुझ्या घरात, तुझे माझ्या घरात. दिवाळीला भेटायचं, वर्षभराचे एकमेकांना द्यायचे. दोन्ही घरांवर एकदम संकट थोडंच येतंय!"

सोपानला ते पटलं. त्याने आपल्या डिस्कमध्ये गुलाबभाईच्या नावाचा कप्पा केला. गुलाबनेही तसंच केलं. पुढे कितीतरी दिवाळ्या हा रिवाज चालला.

मग एका वर्षी दिवाळी झाल्या झाल्या जिल्ह्याला विज्ञानाचं प्रदर्शन भरलं. दोघांनी मिळून फोटो लावले. पण फलक रंगवणाऱ्याने नाव लिहिलं ते एकट्या गुलाबचं. पाहुणे आले, फोटोंपुढे उभे राहिले, वा वा म्हणाले आणि त्यांनी गुलाबच्या गळ्यात हार घातला. सोपान गर्दीत उभा होता. त्याला वाटलं, आता गुलाबभाई बोलेल. आता सांगेल. गुलाबने मान वाकवून हार घेतला आणि तो काहीच बोलला नाही.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. गुलाबने एकदा फोन केला, सोपानने उचलला नाही. एवढ्याशा गोष्टीवरून इतकं रुसायचं, म्हणून गुलाबही फुगून बसला. पुढची दिवाळी आली आणि गेली. कोणी कोणाकडे गेलं नाही.

फोटो काढणं मात्र दोघांनीही सोडलं नाही.

एके दिवशी दुपारी सोपान नवीन फोटो ठेवायला बसला, तर संगणक म्हणाला, जागा शिल्लक नाही. डिस्क जोडली, तर तीही गच्च भरलेली. सोपानची नजर त्या कप्प्यावर गेली. 'गुलाबभाई'. निम्मी डिस्क त्यानेच अडवली होती.

सोपानच्या कपाळाची शीर उडायला लागली. "हार त्याला आणि ओझं मी वाहायचं?" तो मोठ्याने म्हणाला.

त्याची बायको हौसा ज्वारी निवडत बसली होती. तिने मान वर केली. "कशाचं ओझं?"

"काही नाही. घर साफ करतोय."

त्याने तो कप्पा निवडला आणि पुसून टाकायची खूण दाबली. संगणकाने विचारलं, हे कायमचं काढून टाकायचं का? सोपानचं बोट 'होय'वर जाऊन थांबलं. त्याला वाटलं, टाकायचंच आहे तर एकदा बघावं तरी. इतकी वर्षं सांभाळलं, पण उघडून कधी पाहिलं नव्हतं.

त्याने 'नाही' म्हटलं आणि कप्पा उघडला.

आत सगळं कसं जागच्या जागी होतं. वर्षाच्या आत महिने, महिन्यांच्या आत दिवस. प्रत्येक फोटोच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग तारीख आणि शेवटी गावाचं नाव. सोपान एकेक फोटो पाहू लागला. मध्येच त्याला एक उन्हाळा दिसला. त्या दिवसांत शिंगणमाळला धुळीची वावटळ उठली होती आणि हाताला हात दिसत नव्हता. सोपानच्या संगणकात त्या दिवसांचा एकही फोटो नव्हता.

गुलाबकडे होता.

आणि काय तो सूर्य! त्याच्या तोंडावर एवढा मोठा डाग होता, की सोपानने तसा जन्मात पाहिला नव्हता. मध्यभागी कोळशासारखा काळा, कडेला झालरीसारखा पिंजलेला. सोपान खुर्चीतून अर्धा उठला. आपली सगळी पृथ्वी त्या डागात टाकली असती, तर विहिरीत खडा पडावा तशी गडप झाली असती. तिचे समुद्र, तिचे डोंगर, शिंगणमाळ, संगमपेठ, सगळं त्यात बुडालं असतं. आणि हे एवढं थोरलं काहीतरी भर दुपारी त्याच्या डोक्यावरून गेलं होतं, तेव्हा तो तोंडाला फडकं बांधून घरात बसला होता. त्या दिवशीचा सूर्य आता कोणत्याही आभाळात नव्हता. तो फक्त या डिस्कमध्ये होता.

आपण काय पुसायला निघालो होतो, हे सोपानच्या ध्यानात आलं.

त्याने गुलाबचा कप्पा हळूच मिटला आणि स्वतःचा उघडला. स्वतःचा पसारा पाहून त्याचं त्यालाच ओशाळल्यासारखं झालं. 'नवीन', 'नवीन नवीन', 'हेच ठेवणे', 'हेच ठेवणे २'. एकच फोटो चार ठिकाणी पडलेला. कुठे हात हललेला, कुठे पुठ्ठ्यावर शेळीची सावली. वाया गेलेली जागा गुलाबने नव्हे, याच पसाऱ्याने खाल्ली होती.

त्यानंतर रोज भट्टी विझली, की सोपान संगणकापुढे बसायचा. जादा नकला काढल्या, हललेले फोटो काढले. उरलेल्यांना गुलाबच्या रीतीने नावं दिली. आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, मग गाव. दिवाळीपर्यंत हे काम पुरलं.

हौसाने विचारलं, "मिळाली का जागा?"

"मिळाली की. ऐसपैस मिळाली."

"कुणाचं टाकलंत?"

"माझंच," सोपान म्हणाला.

राग मात्र गेला नव्हता. फोन करावा असं एकदोनदा त्याच्या मनात आलं, पण गळ्यातला तो हार डोळ्यांपुढे यायचा आणि हात मागे यायचा. तरीसुद्धा तो गुलाबच्या ठेवीला जपत राहिला. दर दोन-तीन महिन्यांनी डिस्क जोडायची, गुलाबचे चार फोटो उघडून पाहायचे, ठीक दिसतात ना याची खात्री करायची. एकदा डिस्क कुरकुरल्यासारखी वाजायला लागली. सोपानने त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या गावाहून नवीन डिस्क आणली आणि आधी गुलाबचे फोटो तिच्यात उतरवले, मग आपले. त्याला हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि कोणी विचारणारही नव्हतं.

अशी काही वर्षं गेली. मग एका पावसाळ्यात वरच्या अंगाला आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडला आणि संगमपेठेची नदी पात्र सोडून गावात शिरली. पेठेत माणूसभर पाणी चढलं. लोक टेकडीवरच्या शाळेत जाऊन राहिले.

बातमी ऐकली तेव्हा सोपान पितळ वितळवायची मूस भरत होता. त्याने हातातलं काम टाकलं. रस्ता सुरू झाला त्या सकाळीच तो निघाला. हौसाने फडक्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. सोपानने डिस्क प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून छातीशी धरली होती.

शाळेच्या ओसरीवर गुलाब बसला होता. पायाला गुडघ्यापर्यंत चिखल, दाढी वाढलेली. सोपानला पाहून तो उठला, पण पुढे आला नाही.

"घरचे?" सोपानने विचारलं.

"सगळे धड आहेत. बाकी काही नाही राहिलं. धार लावायची सहाण गेली. दुर्बीण गेली. संगणक पाण्यात, डिस्क त्याच्याच फळीवर, तीही पाण्यात. माझ्या एवढ्या वर्षांच्या सूर्यांचा चिखल झाला, सोपान."

सोपानने पिशव्या सोडल्या आणि डिस्क त्याच्या हातात दिली. "आपण बोलत होतो तोवरचे सगळे यात आहेत. एकही गेलेला नाही."

गुलाबने डिस्क घेतली. उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली. मग तो खालीच बसला.

"तू ठेवलेस?" तो म्हणाला. "मी तुझे पुसले, सोपान. तू फोन उचलला नाहीस, त्याच आठवड्यात रागाने पुसले. तुझा एकही फोटो माझ्या घरात नव्हता. पूर आला तेव्हा पहिल्यांदा तेच आठवलं मला. मी त्याचे पुसले, त्याने तरी माझे का ठेवावेत!"

सोपानचा चेहरा उतरला. म्हणजे इतकी वर्षं आपले सूर्य एकाच घरात होते. आपलंही घर कोसळू शकलं असतं. त्याने एकदा गुलाबच्या हातातल्या डिस्ककडे पाहिलं. हात पुढे करून ती परत घेता आली असती.

मग तो गुलाबच्या शेजारी बसला आणि भाकरीचं फडकं उघडलं.

"मग आता तुझ्याकडे जागा असेल," तो म्हणाला. "माझे पुन्हा ठेव."

गुलाबने चिखलाच्या हातांनी तोंड झाकलं. मग तो म्हणाला, "त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं."

"व्हय," सोपान म्हणाला. "पाहिजे होतं. भाकरी खा."

शाळेच्या वरच्या मजल्यावर एक संगणक होता आणि भिंतीवर चित्र पाडायचं यंत्रही. हेडबाईंनी खोली उघडून दिली. दोघांचे फोटो एकाच कप्प्यात टाकले. नावं एकाच रीतीने दिलेली होती, त्यामुळे ते आपसूक तारखेप्रमाणे ओळीत जाऊन बसले. एक संगमपेठेचा, एक शिंगणमाळचा, पुन्हा संगमपेठेचा. संगमपेठेवर पावसाळी ढग होते तिथे शिंगणमाळचा सूर्य होता. शिंगणमाळला धूळ उठली होती तिथे संगमपेठेचा होता.

"पुढं जायचं बटण दाबून धर," गुलाब म्हणाला.

सोपानने बटण दाबून धरलं, आणि भिंतीवरचा सूर्य वळायला लागला.

डाग एका कडेने वर आले, पुढे सरकले, मध्यावर रुंदावले, दुसऱ्या कडेने मागे गेले. पुन्हा नवे आले. महिन्याभराची गिरकी डोळ्याची पापणी लवेपर्यंत पुरी होत होती. एखादं वर्ष असं गेलं, की तोंड स्वच्छ, डाग नावाला नाही. पुढे एकेक करत ते वाढले, तोंड भरून गेलं, पुन्हा ओसरले. दिव्यासारखा नुसता जळणारा म्हणून जो ठाऊक होता, तो या भिंतीवर जिवंत होता. कोणाकडे न पाहता, कोणासाठी न थांबता, सावकाश, अवजडपणे तो स्वतःभोवती फिरत होता.

शाळेत राहायला आलेली माणसं एकेक करून आत आली होती. आठवडाभर त्यांनी ऊन पाहिलं नव्हतं. भिजलेल्या घोंगड्या अंगावर घेऊन ती जमिनीवर बसली. लेकरंसुद्धा पुढे सरकून बसली. एका म्हातारीने हात जोडले आणि ती पुटपुटली, "रोज ह्याला पाणी सोडलं, पण ह्यो असा वळतो हे ठाऊक न्हवतं गं बाई."

सोपानने बटण धरूनच ठेवलं होतं. आपणच काढलेले फोटो आपण पहिल्यांदा पाहतोय, असं त्याला वाटत होतं. गच्चीवरचे ते सगळे दिवस त्याने एकेक करून जमवले होते. ते सगळे मिळून असा वळता सूर्य होतो, याची त्याला कल्पनाच नव्हती.

मग एका ठिकाणी सूर्य अडखळला. डाग मध्यावर होता, तो एकदम कडेला दिसला. थोडं नीट चाललं, पुन्हा उडी. पुन्हा एक. त्यापुढे फक्त शिंगणमाळचे फोटो होते. सोपानचा जो दिवस हुकला, तो भरून काढायला कोणी नव्हतं. गुलाबचे ते सूर्य नदीने नेले होते.

खोलीतल्या इतर कोणालाच त्याचं कारण कळलं नाही. गुलाब हळूच म्हणाला, "इथून आपण बोलत नव्हतो."

सोपानने मान हलवली.

त्याच दिवशी एक नक्कल शाळेत ठेवली आणि एक सोपानने परत नेली. गुलाबने नवा संगणक घेतला, तेव्हा तिसरी त्याच्या घरात गेली, वरच्या माळ्यावर. दिवाळीची भेट पुन्हा सुरू झाली. लांबून लांबून माणसं तो सूर्य पाहायला येऊ लागली, आणि फलकावर आता दोघांची नावं असायची. पण मधल्या वर्षांतल्या त्या उड्या तशाच राहिल्या. त्या दिवसांचा सूर्य आणायला आता कुठेही जाता येत नव्हतं.

तात्पर्य: जे पुन्हा मिळणार नाही ते एकाच जागी ठेवू नये, आणि विश्वासाने आपल्याकडे ठेवलेलं, मैत्री तुटली तरी, पुसू नये. रागाच्या दिवसांत जे हरवतं, ते समेट झाल्यावरही परत येत नाही.