दुपारचा पहारा

दुधना नदीच्या काठी हिवरडोह नावाचे गाव आहे. नदी तिथे वळण घेते आणि वळणाच्या पोटात पाणी काळे, खोल होते. त्या डोहापासून विठ्ठलाचे देऊळ दोनशे पावलांवर. या देवळाच्या ओवरीत श्री केसोबा महाराज चार वर्षे राहिले. महाराजांच्या दयेच्या गोष्टी आपण नेहमी ऐकतो. त्यांचा राग मात्र गावाने एकदाच पाहिला, आणि तो दयेहून वेगळा नव्हता.

लिंबाजी नावाडी हा महाराजांचा साधा भक्त. सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. ती एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. त्यातला दुपारी बारा ते दोनचा पहारा अकरा वर्षे लिंबाजीचा होता. त्या वेळी पंगत बसते, मंडप ओस पडतो, म्हणून तो दुसऱ्या कोणाला नको असे. लिंबाजी म्हणे, "बरंच आहे की! गर्दी नसते, देवाला माझं एकट्याचं ऐकावं लागतं."

लिंबाजीचे जिवलग मित्र होते शाळेतले अच्युत मास्तर. मास्तर देव मानत नव्हते आणि ते लपवतही नव्हते. पटकीच्या साथीत औषधाच्या बाटल्या घेऊन या दोघांनी एकोणीस दिवस नाव इकडून तिकडे नेली होती. मैत्री तिथली.

"मास्तर, देव नाही म्हणता, मग नावेत बसल्यावर डोळे का मिटता?" लिंबाजी चिडवायचा.

"मला पोहता येत नाही, लिंबाजी. देवाबद्दल शंका आहे, पाण्याबद्दल नाही."

सप्ताहाचे पुढारीपण रंगनाथबुवांकडे होते. आवाज पहाडी, पाठांतर अफाट, आणि अहंकार त्याहून मोठा. त्या वर्षी पहिल्या दिवशी वीणा उभी करताना त्यांनी भर मंडपात लिंबाजीला अडवले.

"त्या नास्तिकाच्या ओट्यावर रोज संध्याकाळी बसतोस. त्याच्या घरचं पाणी पितोस. त्याच हाताने वीणा धरणार?"

"बुवा, पाणी तर नदीचंच आहे," लिंबाजी म्हणाला. लोक हसले. बुवांचा चेहरा लाल झाला.

"हसा! नावाड्याची अक्कल वल्ह्याएवढीच. मास्तराची संगत सोड, नाहीतर वीणेला शिवू नकोस."

लिंबाजीच्या डोळ्यांत पाणी आले. "बुवा, मित्र आहे तो माझा. कसा सोडू?"

 दुपारी बारा वाजता महाराज स्वतः उठले, आधीच्या वीणेकऱ्याला पुढे बोलावले आणि लिंबाजीकडे बोट दाखवले. बुवांना माघार घ्यावी लागली, पण त्यांनी बजावलेच: "पहारा बदलताना घेणाऱ्याने देणाऱ्याच्या पायांना हात लावायचा आणि देणाऱ्याने घेणाऱ्याच्या. तो मोठा असो की लहान. वीणा जमिनीला टेकता कामा नये. तुझ्या पहाऱ्यात उणं-अधिक झालं, तर पुन्हा या मंडपाची पायरी चढायची नाहीस."

सहाव्या दिवशी महाराज बहुतेक गावाला घेऊन शेजारच्या वाडीला दिंडीने गेले. मंडपात लिंबाजी एकटा वीणा घेऊन उभा होता. दीड वाजून गेला होता. मास्तर धापा टाकत आत शिरले.

"लिंबाजी! डोहात पोर पडली! धनगराची तानी. घाटावर बायकाच आहेत, कोणाला पोहता येत नाही!"

लिंबाजीचा पाय उचलला गेला आणि जागीच थांबला. वीणा खांद्यावर होती. अकरा वर्षे. जमिनीला टेकता कामा नये.

"दे ती इकडे," मास्तर म्हणाले. "पण मी देवाचं नाव घेणार नाही. खोटं मला जमणार नाही."

"नका घेऊ. तार वाजवत उभे राहा. फक्त खाली ठेवू नका!"

एवढ्या घाईतही लिंबाजी मास्तरांच्या पायांशी वाकला, वीणा त्यांच्या गळ्यात अडकवली आणि धावला. मास्तरांनी एक-दोनदा चाचपून ती एकुलती एक तार छेडली. मग थांबले नाहीत.

तेवढ्यात दिंडीच्या स्वागताची तयारी पाहायला रंगनाथबुवा पुढे आले. मंडपात नास्तिकाच्या गळ्यात वीणा! त्यांचे भानच गेले.

"कोणी दिली तुला? काढ! काढ आधी!"

"बुवा, डोहात पोर बुडतेय. लिंबाजी तिकडे गेलाय. आधी तिकडे जा, तुम्हाला पोहता येतं!"

"वीणा खाली पडली असती तरी चाललं असतं, तुझ्या गळ्यात नको!" बुवांनी वीणेचा दांडा धरून ओढला.

त्या ओढाताणीत तार तटकन तुटली. तिने मास्तरांची दोन बोटे कापली. त्याच क्षणी घाटावरून लिंबाजीची आरोळी आली, "सापडत नाही! दोन बुड्या झाल्या! गाळ लई!"

बुवांनी ती आरोळी ऐकली. ऐकली, आणि तरीही दांडा सोडला नाही! मास्तरांनी दोन्ही हातांनी वीणा छातीशी घट्ट धरली. "मारा मला. लिंबाजी सांगेल त्यालाच देईन." बुवांनी खरेच मारले. मास्तर हलले नाहीत.

दोनच्या सुमारास दिंडी परतली. त्याच वेळी घाटाकडून लिंबाजी आला, नखशिखांत गाळाने माखलेला. त्याच्या कडेवर सात वर्षांची तानी होती. खोकत होती, रडत होती, जिवंत होती!

बुवांनी सगळ्यांच्या आधी तोंड उघडले. "महाराज, सप्ताह भंगला! नास्तिकाने वीणा बाटवली!"

महाराज लिंबाजीकडे वळले. "पोर कशी सापडली?"

"महाराज, डोळ्याला काही दिसेना. दोन बुड्या वाया गेल्या. तिसऱ्या बुडीला वीणा ऐकू आली. पाण्यात, खाली. मला वाटलं, मास्तर लई जोरात वाजवतात. आवाजाच्या मागं गेलो, तर हातात तिचे केस आले."

मास्तरांनी मान हलवली. "लिंबाजी, मी खोटं श्रेय घेणार नाही. तू दोन बुड्या झाल्याचं ओरडलास तेव्हा तार तुटून गेली होती. तिसऱ्या बुडीच्या वेळी माझ्या हातात नुसतं लाकूड होतं. दम कोंडला की कानात आवाज येतात, तसं काही असेल."

"असेल," लिंबाजी म्हणाला. "पण मला ओळखू येते, मास्तर. आपलीच वीणा होती."

 तार कधी तुटली हे आणखी एकाच माणसाला नेमके ठाऊक होते. मास्तरांनी रंगनाथबुवांकडे पाहिले, तसे सगळेच तिकडे पाहू लागले. 

"खरं आहे," बुवा कसेबसे म्हणाले. "तार मीच तोडली. आरोळी त्यानंतर आली. ती ऐकूनही मी मास्तराला मारलं."

तेव्हा महाराज गरजले. त्या आवाजाने दिंडीतले टाळ किणकिणले असे सांगतात.

"पोर बुडत होती आणि तू तारेला झोंबत होतास! तुला पोहता येत होतं, रंगनाथ! याला येत नव्हतं, म्हणून याने मित्राचं ओझं धरलं, मार खाल्ला, पण शब्द सोडला नाही. सहा दिवस तुम्ही सगळे वाजवत आहात. पांडुरंगाच्या कानावर वीणा गेली ती आज, आणि तीही तार नसताना! बाटली म्हणतोस? कोणाच्या हातून बाटली?"

बुवा महाराजांच्या पायांवर कोसळू लागले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"माझ्याकडे नको. दोन वाजले. पुढचा पहारा कोणाचा?"

"माझा," बुवा पुटपुटले.

"मग उभा राहा आणि वीणा घे. नियम तूच सांगितला होतास."

मास्तरांनी लिंबाजीकडे पाहिले. लिंबाजीने मान डोलावली. सगळ्या गावासमोर रंगनाथबुवा वाकले. त्यांनी दोन्ही हात नास्तिकाच्या धुळीने भरलेल्या पायांवर ठेवले, कपाळही टेकवले, आणि बराच वेळ त्यांना उठता येईना. त्यांच्या पाठीवर मास्तरांच्या बोटांतले रक्त थेंबथेंब पडत होते.

बुवा उठले तेव्हा मास्तर वाकले आणि त्यांनी बुवांच्या पायांना हात लावला.

"तुम्ही कशाला?" बुवा रडत म्हणाले. "तुम्ही तर मानत नाही."

"वीणा देणाऱ्यानेही वाकायचं असतं ना?" मास्तर म्हणाले. "लिंबाजीच्या पहाऱ्यात उणं राहायला नको."

महाराजांचा राग तेव्हा कुठे उतरला. त्यांनी आपल्या उपरण्याची पट्टी फाडली आणि मास्तरांची बोटे स्वतः बांधली. बिनतारेची वीणा जमिनीला न टेकता बुवांच्या खांद्यावर गेली, आणि काल्याच्या दिवसापर्यंत महाराजांनी तिला नवी तार लावू दिली नाही.