धनेशिणीच्या ढोलीतल्या शेंगा

डोंगरावरच्या देवीला पायऱ्या नव्हत्या, नुसती पायवाट होती, तेव्हाची ही गोष्ट. उन्हाळाभर यात्रेकरू येत आणि माकडांना भुईमुगाच्या शेंगा देत. पावसाळ्यात मात्र वर कुणी फिरकत नसे, मग माकडांचे हाल कुत्रा खात नसे.

टिकली नावाच्या माकडिणीने पण केला, "यंदा रोज एक शेंग मागे टाकायचीच!" ती शेंग गालात ठेवी, कारण माकडांची तिजोरी तीच. पण तिजोरीच तोंडात! दिवस मावळायच्या आत शेंग पोटात जाई.

जवळच्या ढोलीत एक धनेशीण अंड्यांवर बसली होती. धनेशांच्या रीतीप्रमाणे तिने ढोलीचं तोंड आतून लिंपून घेतलं होतं, चोचीपुरती फट ठेवून.

"ताई, माझी शेंग ठेवशील?" टिकलीने विचारलं.

"टाक की. मी फळं खाणारी, मला काय तिचं!"

रोज फटीतून शेंग आत पडू लागली. एके दिवशी टिकलीच्या पोटात कावळे ओरडू लागले. "ताई, आजच्या दिवस भिंत फोड ना!"

"वेडी की काय? साप शिरला तर? पिल्लं मोठी झाल्याशिवाय भिंत फुटायची नाही."

टिकली चरफडत उंबरं शोधायला गेली.

पिल्लं मोठी झाली, भिंत फुटली, तोवर पावसाने डोंगर ओस पडला होता. टिकली शेंगांच्या ढिगाशी ऐसपैस बसली. शेजारच्या एका माकडिणीलाही तिने मूठभर दिल्या.

"धन्य गं बाई तुझी! इतके दिवस जीभ आवरलीस कशी?"

"जीभ कुठली आवरतेय!" टिकली शेंग फोडत म्हणाली. "हात पोचत नव्हता, म्हणून उरल्या."